ताराचा हात

मागल्या महिन्यात माझ्या नातीनं माझा डावा हात चोरला. ती फिजिओथेरपी शिकते. सुट्टीला शिरूरला आली की घरात जे माणूस रिकामं दिसेल त्याच्यावर तिचे प्रयोग सुरू होतात, आणि रिकामी बहुधा मीच असते. तिनं मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, माझा डावा हात सुपाच्या आड ठेवायला लावला आणि माझ्यासमोर भांडी घासायचा गुलाबी रबरी हातमोजा मांडला, आत कापूस कोंबलेला. मग दोन जुने टूथब्रश घेऊन माझ्या लपवलेल्या बोटांवरून आणि त्या मोज्याच्या बोटांवरून एकाच वेळी, एकाच लयीत फिरवत बसली. मी म्हटलं, "अगं, आमटीला फोडणी द्यायचीय." ती म्हणाली, "आजी, मोज्याकडं बघ फक्त." थोड्या वेळानं काय झालं ते मला धड सांगता येत नाही. ब्रशचा स्पर्श मला त्या मोज्यात होऊ लागला. मोजा माझा झाला. आणि तेवढ्यात त्या कार्टीनं पाठीमागून लाटणं काढून मोज्यावर हाणलं! मी अशी किंचाळले की शेजारीण धावत आली. नात हसून लोळत होती. मेंदू असाच फसतो म्हणाली, आपलं काय आणि परकं काय ते तो सारखं ठरवत असतो आणि कधीकधी चुकतो. मी आमटी तशीच टाकून घरभर येरझारा घालत राहिले, आणि दर थोड्या वेळानं आपला डावा हात उजव्या हातानं चाचपून बघत राहिले. तिला वाटलं, आजी चिडली. चिडले नव्हते. माणसाचा हात माणसाला परका होताना मी पूर्वी पाहिलाय, आणि तेव्हा सूप नव्हतं, ब्रश नव्हता, हसायलाही कुणी नव्हतं.

माझ्या माहेरची वस्ती पाटसच्या अलीकडं, दौंडच्या अंगाला. साखर कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा तिथपर्यंत. गळीत सुरू झालं की सगळ्या शिवाराला मळीचा उग्र गोडसर वास यायचा आणि वाळत घातलेल्या धुण्यावर काजळीचे काळे तुकडे येऊन बसायचे. झटकले तर पसरायचे, म्हणून ते फुंकून काढायचे, हे मला बोलता येण्याआधी यायला लागलं असावं. आमचे आजोबा, आबा, तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेले. शेतीवर बसून त्यांना किती वर्षं झाली होती, पण चार भिंतींच्या आत त्यांचा जीव रमायचा नाही. जेवतानासुद्धा ते उंबऱ्यात तोंड बाहेर करून बसत. माझे वडील, दादा, हंगामात कारखान्यावर कामाला जात आणि एरवीही फारसं बोलत नसत. माझी आई तारा मी रांगत असताना गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. मला वाढवलं ते माझ्या थोरल्या चुलतीनं, सखूनं. तिला मी मोठी आई म्हणायचे. तिला मूलबाळ नव्हतं, आणि माझा चुलता माझी आई जाण्याच्याही आधी वारला होता. मोकळं कपाळ आणि मोकळे हात असलेलीच ती मला आठवते.

मोठी आई मायेनं बोलणारी बाई नव्हती. तिचा उजवा हात कायम कशात तरी भरलेला असायचा, पिठात, शेणात, राखेत. त्यामुळं माझ्यावर खूश झाली की ती डाव्या हातानं माझ्या गालाचा चिमटा घ्यायची. असा करकचून घ्यायची की डोळ्यांत पाणी यावं. तेवढीच तिची माया. मी ओरडायचे, ती म्हणायची, "वरडतीस काय मंगे, जीव न्हाई गेला तुझा." मला मात्र दुसऱ्या मुलींच्या आयांसारखी डोक्यावरून हात फिरवणारी आई हवी असायची. मी जात्याच उतावळी आणि हावरट. जे नाही ते आत्ताच्या आत्ता हवं, असा माझा स्वभाव.

मोठ्या आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ती गोठ्यात शेण भरत होती. डावी बाजू पार लुळी पडली. बैलगाडीतून हमरस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीनं तिला दौंडच्या दवाखान्यात नेलं. तिथं बरेच दिवस राहिल्यावर पाय थोडा धरू लागला, बोलणं सुधारलं, हात मात्र तसाच. घरी सोडताना डॉक्टरांनी दादांना बजावलं की हात रोज हलवायचा, बोटं रोज उघडझाप करायची, आणि मुख्य म्हणजे बाईंनी स्वतः त्यात लक्ष घालायला हवं. नाहीतर हात आखडून कायमचा जाईल. दादांनी मान हलवली. हे काम माझ्याकडं आलं.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी घोंगडीवर बसून तिचा डावा हात मांडीवर घेतला आणि तेल चोळू लागले. ती माझ्याकडं बघत होती, जरा त्रासिक नजरेनं.

"आगुदर माझं आवर की," ती म्हणाली. "तिला काय चोळत बसलीस?"

"कुणाला?"

"ताराला. हात ताराचा हाय न्हवं त्यो."

मला वाटलं, ताप चढलाय. मी म्हटलं, "मोठी आई, हात तुझाच हाय. ह्यो बघ, खांद्यापसनं आलाय." तिनं खांद्याकडं पाहिलं, कोपराकडं पाहिलं आणि न समजणाऱ्या पोरीला समजवावं तसं म्हणाली, "खांदा माझा हाय. म्होरला हात ताराचा. माझ्या हातरुणात पडलीया कवापसनं, जागा आडवून. उठीव तिला." आणि उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरून तो घोंगडीबाहेर ढकलू लागली. ती वेडी झाली नव्हती. बाकी सगळं तिला चोख कळत होतं. कालवडीला पाजलं का विचारायची, कुठल्या डब्यात डाळ संपलीय ते सांगायची, आबांची चाहूल लागली की डोक्यावरचा पदर सारखा करायची. फक्त त्या हाताचं नाव काढलं की तारा.

आणि तारा तिच्यासाठी नुसतं नाव नव्हतं. दोघी जावा मिळून भाकरी करायच्या म्हणे, मोठी आई थापायची आणि तारा शेकायची. आता मोठी आई हट्टानं चुलीपुढं बसू लागली. एका हातानं पीठ मळायची, थापायला घ्यायची. दुसऱ्या हाताशिवाय भाकरी वळेना, काठ फाटायचे. मग ती डाव्या हाताकडं बघून खेकसायची, "नुसती बसून ऱ्हातीस काय गं तारा? फिरीव की! सदा माझ्याच जिवावर बसायचं." मी दारात उभी राहून ऐकायचे. मला हसूही यायचं आणि रडूही. माझ्या आईबद्दल इतकं कुणी कधी बोललंच नव्हतं. तारा आळशी होती, ताराला गूळ चोरून खायची सवय होती, तारा शेकताना गुणगुणायची, हे सगळं मला त्या हाताला बसलेल्या शिव्यांमधून कळलं.

आबांनी दोनचार दिवस हे निमूट ऐकलं आणि एका सकाळी उंबऱ्यातून निकाल दिला. धाकटी सून परत आलीय. तिची पोर मागं राहिली, त्या ओढीनं आलीय. आणि आलीय तर तिचा मान झाला पाहिजे. तारा अहेव गेली होती, हिरवा चुडा लेऊन गेली होती. तिचा हात ओका कसा ठेवायचा? खंडोबाच्या बाणाईची पूजा करावी इतक्या सहजपणे त्यांनी पाटसहून हलिमाचाचीला बोलावणं धाडलं. हलिमाचाची आमच्या सगळ्या वस्त्यांना बांगड्या भरायची. तिनं टोपली उतरवली, मोठ्या आईचा लुळा हात हातात घेतला आणि घोटाळली.

"आबा, ह्यो तर सखूचा हात हाय. विधवा बाई हाय ती. मी कशी भरू?"

"सखूचा उजवा. ह्यो ताराचा. सखूलाच इचार."

मोठी आई म्हणाली, "भर बाई. तिची हौस लई दांडगी हुती बांगड्यांची. माझ्या हाताला तेवढं लावू नगंस." हलिमाचाचीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दादांकडं. दादा उठून बाहेर निघून गेले. मग तिनं बोटं जुळवून हात दाबत दाबत हिरव्या बांगड्या चढवल्या. तेव्हापासून आमच्या घरात एक बाई होती जिचा उजवा हात विधवेचा होता आणि डावा सवाष्णीचा.

मला त्या दिवसापासून चैन पडेना. तेल लावायच्या निमित्तानं मी तो हात धरून बसायचे, आणि तेल लावून झालं तरी सोडायचे नाही. मोठी आई दुपारी झोपली की तो हळूच उचलून माझ्या डोक्यावर ठेवायचे. जड, गार हात. बांगड्या किणकिणायच्या. मला ठाऊक होतं की हा हात मोठ्या आईचा आहे, त्याच्या अंगठ्यावरची विळ्याची खूणसुद्धा मला ठाऊक होती. तरी डोळे मिटले की तो माझ्या आईचा व्हायचा. उठावं तर उठवेना, बसावं तर बसवेना. धुणं धुताना मध्येच ओल्या हातांनी घरात पळत येऊन मी तो हात जागेवर आहे ना ते बघून जायचे. आणि डॉक्टरांनी सांगितलेली उघडझाप? ती मी करायचे, पण मोठी आई त्यात लक्ष घालायची नाही. परक्या हाताचा व्यायाम कोण करणार? बोटं दिवसेंदिवस आतल्या आत वळत चालली होती.

त्यातच माझं लग्न ठरलं. मुलगा शिरूरचा. हळद घरीच लागणार होती, आणि पहिली हळद आई लावते. मला लावायला आई नव्हती, आणि मोठी आई विधवा, तिचा हात हळदीला चालणार नव्हता. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आमच्यात सगळ्यांनाच माहीत असतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण आबा म्हणाले, "ताराचा हात हाय की घरात. तिच्या लेकीला पयली हळद तीच लावंल." दादांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, "आबा, डाव्या हातानं हळद?" आबा म्हणाले, "मेलेल्या माणसाला डावं-उजवं नस्तं." विषय संपला. मी न्हाणीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले, आनंदानं. माझ्या हळदीला माझ्या आईचा हात लागणार होता.

लग्नातलं आंदण म्हणून दादांनी दौंडहून लोखंडी कपाट आणलं, पुऱ्या उंचीचा आरसा असलेलं. ते आजही माझ्या शिरूरच्या घरात आहे. आरशाचा पारा कडांना उडालाय, पण मी ते मोडीत काढू देत नाही. आमच्या घरात तोवर दादांच्या दाढीचा तेवढा वीतभर आरसा होता. कपाट माजघरात उभं केलं आणि त्याच दुपारी मी मोठ्या आईला त्याच्यासमोर पाटावर बसवून तिची वेणी घालत होते. ती आरशात बघत होती, आपला वाकडा झालेला ओठ, पांढरे केस. एकदम ताठ झाली.

"मंगे! माझ्या हातात बांगड्या कुणी घातल्या?"

आवाज असा होता की माझ्या हातातली फणी पडली. मी म्हटलं, "कुठल्या हातात?"

"ह्या डाव्या! आगं, रांडमुंड बाई मी, हिरवा चुडा घालून बसलीया! कुणी केलं ह्ये?" तिचे डोळे आरशावर होते. मी घाबरून म्हटलं, "खाली बघ की." तिनं मान खाली घातली, मांडीवरच्या हाताकडं पाहिलं आणि तिचा चेहरा सैल पडला. "हां, ही तारा." पुन्हा आरशात पाहिलं, आणि पुन्हा ओरडली. आरशातला हात तिचा, मांडीवरचा ताराचा. मी अंगावरची ओढणी ओढून आरशावर टाकली, तेव्हा कुठं ती शांत झाली.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती प्रयोग-बियोग विसरून माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, असं होतं आजी. उजव्या मेंदूला इजा झाली की कुणाकुणाचा डावा हात असा हरवतो. आरशात माणूस स्वतःला बाहेरून बघतं, दुसऱ्याला बघावं तसं, आणि ती वाट शाबूत असेल तर हात तेवढ्यापुरता सापडतो. मला त्या वेळी यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ओढणी काढली तर मोठ्या आईला तिचा हात मिळेल आणि ठेवली तर मला माझी आई. सबंध आठवडाभर मी त्या माजघरातून ये-जा करत राहिले. ओढणीला हात लावायचे आणि मागं घ्यायचे.

निकाल चुलीनं लावला. मोठी आई तव्यापुढं बसली होती, आबांना भाकरी वाढत होती. वळताना तिचा डावा हात मांडीवरून घसरला आणि चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यावर पडला. मी पाणी घेऊन आत येत होते. ती त्या हाताकडं बघत होती. नुसती बघत होती. कातडी करपल्याचा वास सुटला तरी तिच्या चेहऱ्यावर फक्त वैताग होता. "हात काढ की गं तारा," ती म्हणाली, "भाजतंय न्हवं." कळशी टाकून मी झेप घेतली आणि तो हात ओढला. दोन बांगड्या तिथंच तडकल्या. मी त्या भाजलेल्या बोटांवर कळशीत उरलेलं पाणी ओतत होते, रडत होते, आणि मनात भयंकर संतापले होते, माझ्या आईवर. हात तिचा असेल तर तिनं तो का काढून घेतला नाही? मेलेलं माणूस हात सांभाळत नसतं. त्या हाताला या घरात धनीच नव्हता.

फोड बसले तशी मी आरशावरची ओढणी काढली. एखादी मेंढी कोकराला जवळ घेईना की आबा ते पुन्हा पुन्हा तिच्यापुढं नेत, ती लाथाडायची, आबा पुन्हा नेत, शेवटी कंटाळून ती त्याला चाटू लागायची. मी तेच केलं. रोज घरातली पुरुषमाणसं बाहेर गेली की मोठ्या आईला कपाटासमोर बसवायचं. आरशात बघत तिच्या उजव्या हातानं डाव्याला तेल लावायला लावायचं, बोटं तिचीच तिला उघडायला लावायची. सुरुवातीला रोज बांगड्यांवरून आकांत व्हायचा. "काढ आगुदर ह्या," म्हणायची. मी म्हणायचे, "बोट हलीव, मग काढते." ती शिव्या द्यायची, मी उलट बोलायचे, दोघी घामाघूम व्हायचो. आरशापासून उठली की हात पुन्हा ताराचा. पण हळूहळू ती उठल्यावरही घोटाळू लागली. "ह्यो... कुणाचा म्हनलीस?" विचारायची. ते ऐकलं की मला बरं वाटायचं आणि लगेच वाईटही. माझी आई माझ्याच हातानं मी घराबाहेर घालवत होते आणि लग्न तोंडावर आलं होतं.

एके सकाळी अंगणात ती शेंगा फोडत बसली होती. आरसा नाही, काही नाही. मध्येच थांबून तिनं उजव्या हातानं डावं कोपर खाजवलं आणि म्हणाली, "मुंग्या चालल्यात माझ्या हातातनं." मी हातातली शेंग तशीच धरून बसले. तिनं मनगट उचलून बांगड्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आता ओरडेल, आता ओरडेल, म्हणून मी वाट बघत होते. ती ओरडली नाही. अंगणाच्या टोकाला आबा बसले होते, त्यांच्याकडं एकदा बघून तिनं हात पदराखाली घेतला.

मी हळूच म्हटलं, "हलिमाचाचीला बोलवू? काढून टाकंल."

"काय घाई हाय," ती म्हणाली. "आन् ह्ये बघ, आबांना काय सांगू नगंस."

मला वाटलं, आबांच्या समजुतीला धक्का नको म्हणून म्हणत असेल. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की आता हळदीला कुणीच नाही. आई गेली आणि मोठी आई विधवा. उरलेले दिवस मी सगळ्यांवर खेकसत काढले.

हळदीच्या दिवशी अंगणात पाटावर मला बसवलं. मी पिवळ्या साडीत होते, दिवस उन्हाचा होता. बायका गात होत्या, कारखान्याकडून काजळी उडत येऊन हळदीच्या वाटीत पडत होती आणि कुणीतरी ती फुंकून काढत होतं. आबा उभे राहून म्हणाले, "पयली ताराला येऊ द्या. सखू, आन तिला." मोठी आई भिंतीला धरत, पाय ओढत आली. माझ्यापुढं बसली. तिनं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं नाही. ज्या बाईनं कपाळ मोकळं झाल्यापासून कधी सवाष्णीच्या हळदकुंकवाच्या ताटाला बोट लावलं नव्हतं, ओटी भरताना जी आपणहून मागच्या दारी जाऊन उभी राहायची, तिनं उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं, बांगड्या किणकिणल्या, तो वाटीत बुडवला आणि माझ्या गालावर आणून ठेवला. लुळा, ओला, गार हात. सगळे ताराचा हात म्हणून बघत होते. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. दादा खांबाशी मान खाली घालून उभे होते.

आणि मग तिनं उजवा हात काढून घेतला. डावा माझ्या गालावर तसाच राहिला. त्याची बोटं हलली, हळदीवरून घसरली, पुन्हा जुळली आणि त्यांनी माझ्या गालाचा चिमटा घेतला. पूर्वीसारखा करकचून नव्हता, तेवढी ताकदच नव्हती तिच्या बोटांत. पण तोच होता, तिथंच होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं ओठ न हलवता मला म्हटलं, "वरडतीस काय मंगे."

"तारा आली गं पोरी," आबा म्हणाले. "आईचा हात लागला तुला."

मी "व्हय आबा" म्हटलं. त्यात जरासुद्धा खोटं नव्हतं.